एकविसावा मजला

टोकियोच्या प्रवासाचा बेत धाकट्या लेकीनं छापून आणला होता. चार पानं. बाईंनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली आणि लाल पेन घेऊन बसल्या. छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासल्यावर छापील कागद नुसता वाचणं त्यांना जमतच नसे. तासाभरात त्यांना अकरा चुका सापडल्या. न जाण्याचं कारण मात्र एकही सापडलं नाही.

टोकियोत थोरलीला सातवा महिना होता. जावई कामासाठी दोन महिने दुसऱ्या शहरात. डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केलेली. म्हणजे बाईंनीच जायचं, हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. बाई सोडून.

"आई, पुढच्या महिन्याची वीस तारीख. विमान एकदा बदलायचं, बस्स. करू ना पक्कं?" धाकटीनं लॅपटॉप पुढे ओढला.

"तिचं घर कितव्या मजल्यावर म्हणालीस?"

"एकविसाव्या. तिसऱ्यांदा विचारतेयस."

"जवळपास तळमजल्यावर एखादी खोली नाही मिळणार? मी दिवसा जाईन की तिच्याकडे."

धाकटी हसली. "बाळंतपणाला जाऊन तू वेगळं बिऱ्हाड करणार?"

खिडकीशी पंख्याचं रेग्युलेटर दुरुस्त करत बसलेल्या बाईंच्या नवऱ्यानं मान वर केली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्याच्या बायकोनं कधी जिन्याच्या पंधरा पायऱ्यांच्या वर घर बघू दिलं नव्हतं. उंचीची भीती, असं मुलींना सांगून ठेवलेलं. त्यालाही याहून जास्त ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं धाडस त्यानं फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

तेवढ्यात थोरलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती. तिनं फोन फिरवून आईसाठी तयार केलेली खोली दाखवली. गादी, दोन उशा, पांढरा गोल दिवा, अन् भिंतभर काच.

"आई, इथून सगळं शहर दिसतं बघ. अगदी..."

फोनमधून एक विचित्र कर्कश आवाज आला. थोरलीनं फोन स्वतःकडे वळवला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे बदलले होते. तिच्या मागचा दिवा हलला. मग झुलायला लागला.

"काही नाही गं, भूकंपाचा इशारा आहे. होतं असं इकडे," ती म्हणाली. "मी जरा टेबलाखाली..." आणि फोन तिच्या हातून पडला.

आता पडद्यावर नुसतं छत आणि दिवा. दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता. कपाटातली भांडी खणखणत होती. थोरली दिसत नव्हती.

"ताई!" धाकटी किंचाळली.

बाई उभ्या राहिल्या होत्या. "डोकं झाक," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. आवाज इतका शांत की नवऱ्याच्या अंगावर काटा आला. "झाकलंस? आता अंक म्हण. मोठ्यानं. मी ऐकतेय."

"आई, काय..."

"म्हण!"

थोरली म्हणू लागली. एक, दोन, तीन. आवाज कापत होता, पण येत होता. बाईंचे ओठ सोबत हलत होते. वीस झाले. चाळीस झाले. भांड्यांचा आवाज थांबला, तरी इमारत डोलतच होती, दिवा सांगत होता. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट. चौसष्ट.

मग काहीच नाही.

"पुढे!" बाई ओरडल्या. अशा ओरडलेल्या त्यांना घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. "पुढे म्हण! पुढे म्हण गं!"

"पासष्ट," थोरलीचा आवाज आला. "आई, दम लागला होता मला फक्त. ठीक आहे मी. थांबलं बहुतेक. बाळ पण हलतंय." थोड्या वेळानं तिचा घामेजलेला चेहरा पडद्यावर आला. ती हसत होती आणि रडतही होती. "अंक कशाला म्हणायला लावलेस गं?"

बाई खुर्चीवर टेकल्या. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही.

"मी नऊ वर्षांची होते. घर पडलं भूकंपात. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी खाली. दीड दिवस. अंधारात ती दिसत नव्हती, म्हणून मी तिला अंक म्हणायला लावले. चौसष्टला थांबली. मला वाटलं, हिला पुढचे येत नाहीत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी पुढचे शिकवत बसले."

नवऱ्याच्या हातातला स्क्रू जमिनीवर पडून कुठेतरी घरंगळत गेला. तो शोधायला कुणी वाकलं नाही. आईला बहीण होती, हेच मुलींना आज कळत होतं.

थोरलीनं चेहरा पुसला. म्हणाली, "आई, तू नको येऊस. खरंच. मी बघते काहीतरी. इथं बायका मिळतात मदतीला."

"वीस तारीख लांब आहे," बाई धाकटीला म्हणाल्या. "या आठवड्यातलं बघ."

"अगं पण," नवरा पुढे आला, "एकविसावा मजला आहे. जमेल तुला?"

"नाही जमणार," बाई म्हणाल्या. "तू बघ गं तिकीट."

धाकटीनं डोळे पुसले आणि लॅपटॉप जवळ घेतला. व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता. गुरुवारचं विमान होतं. तिनं नाव घातलं, वय घातलं. पडद्यावर विमानातल्या जागांचा नकाशा उघडला.

"आई, कुठली जागा घेऊ? खिडकीची?"

बाईंनी नकाशा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नीट तपासला.

"दाराजवळची," त्या म्हणाल्या.