घड्याळजींचा अंगठा

एका देशात लोक साबणाच्या जाहिरातीखाली तावातावाने भांडतात. शेजारच्या देशात कुणी चकार शब्द काढत नाही. तीच जाहिरात घरच्या ग्रुपवर मात्र गुपचूप फिरते.

पहिल्या मजल्यावर घड्याळजींच्या खोलीतला दिवा भर दुपारीही जळतो आहे.

यंत्राला विसरता येत नाही.

खाली घड्याळांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलवाला बसतो.

'दार वाजवलं. उघडलं नाही.'

हा निरोप तिच्या बाबांच्या शेजारच्या काकूंचा होता. चाळणीबाईने तो वाचला, तेव्हा मीटिंग सुरू व्हायची होती. तिने उत्तर लिहिलं, 'कानातलं मशीन काढून बसले असतील,' आणि फोन पालथा ठेवला.

चाळणीबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. आशियातल्या सहा देशांत साबण विकणाऱ्या कंपनीत ती सोशल मीडियाचे आकडे मोजायची. मोजायची म्हणजे आधी चाळायची: खरा माणूस कोण, भाड्याचं यंत्र, म्हणजे बॉट, कोण. चाळणी तिनेच बांधलेली. जे खातं एकही पोस्ट चुकवत नाही, पोस्ट पडल्या पडल्या लाइकचा अंगठा देतं आणि बोलत मात्र काहीच नाही, ते यंत्र. चाळून उरलेल्या आकड्यांवरून आज ठरणार होतं, कुठल्या देशाची टीम बंद करायची ते. तिची टीम तळाला होती.

"अहो चाळणीबाई," चष्मिसने हाक मारली. पलीकडच्या टेबलावर बसून तो तिचेच आकडे पुन्हा तपासायचा. "हे एक खातं बघा. शंभर टक्के यंत्र. उडवू?"

तिने वाकून पाहिलं आणि तिला हसूच आलं. "उडवतोस कुणाला? बाबा आहेत माझे."

"बाबा? हिवाळ्यापासून एक पोस्ट सोडलेली नाही. मिनिटाच्या आत अंगठा!"

"घड्याळजी आहेत ते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी नाही वेळ पाळायची तर कुणी?"

"आणि तुमच्या चाळणीचं काय?"

"चाळणीला बाप नसतो रे," असं म्हणून तिने त्या खात्यापुढे 'खरा माणूस' अशी खूण केली.

हात थरथरायला लागले तसं घड्याळजींनी घराखालचं दुकान विकलं. कान आधीच गेले होते. फोनवर बोलायचं म्हटलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. मग बापलेकीने तोड काढली. कंपनीची पोस्ट पडली की त्यांनी अंगठा द्यायचा; अंगठा आला म्हणजे बाबा बरे आहेत. 'तुझी नोकरीही अंगठ्यांवरच ना?' ते म्हणाले होते. 'मग एकही चुकायला नको.' फोन खिडकीपाशी कायम चार्जरला लावलेला असायचा. आकडे जरा वर आले की येते, असं ती त्यांना दर महिन्याला कळवत होती.

फोन थरथरला. काकूच.

"अगं, कालचं दूध दारात तसंच आहे. सकाळी आत काहीतरी पडल्यासारखं वाजलं. कुलूपवाल्याला घेऊन आलेय. फोडू का दार?"

सकाळच्या पोस्टला अंगठा आला होता. पण ते सकाळचं झालं; काही पडल्याचा आवाज त्यानंतरचा असला तर?

"थांबा काकू, फोन ठेवू नका." ती चष्मिसकडे वळली. "एक पोस्ट टाक. आत्ताच्या आत्ता."

"ठरलेली वेळ नसताना? साहेब सोलून काढतील."

"काढू देत. टाक म्हणते ना!"

त्याने हाताला लागलेलं चित्र टाकलं, साबणाचा एक बुडबुडा. दोघं स्क्रीनकडे बघत राहिली. चष्मिस नखं खाऊ लागला. फोनमधून काकूंचा श्वास ऐकू येत होता.

अंगठा आला. शेजारी तो छोटा फोटो: डोळ्याला भिंग लावलेले घड्याळजी.

तिने गाल पुसले. "काकू, आहेत ते! आत्ता, या क्षणी अंगठा दिलाय. दार फोडलंत तर घाबरतील, आणि वर त्या दारावरून वर्षभर तुमच्याशी भांडतील."

"नक्की ना गं?"

"खरं-खोटं ओळखण्याचाच तर पगार घेते मी."

काकू हसल्या. "तू म्हणतेस तर बरं बाई. धाडते याला परत." पिशवीत हत्यारं टाकल्याचा खणखणाट झाला. मग जिन्यावरून उतरणारी पावलं.

मीटिंग थोडक्यात आटोपली. कुणी आवाज चढवला नाही. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि टीम बंद झाली. चष्मिस चष्मा काढून पुसत बसला, पुसून झाल्यावरही.

"आता काय करणार?" त्याने विचारलं.

"बाबांकडे जाते. आता सवडच सवड आहे."

जाता जाता तिने शेवटची पोस्ट टाकली: 'आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.' खाली कुणी फिरकलं नाही. मग एक अंगठा आला.

"बघ," स्क्रीन त्याच्याकडे फिरवत ती म्हणाली, "अख्ख्या बाजारात एक तरी खरा माणूस होता आपला."

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी घड्याळजी जिना उतरून खालच्या मोबाइलवाल्याकडे गेले होते आणि थरथरत्या हाताने फोन पुढे करून म्हणाले होते, "लेकीच्या कंपनीचं काहीही आलं की अंगठा आपोआप पडेल असं करून दे बाबा, माझा आता नेम बसत नाही."