ताइनान ते ताइपे, सरळ रेषेत

"अहो, पण दहालाच का?" बायकोने, यू-चूने, जिन्यातूनच विचारलं.

कुन-शान गच्चीवर नकाशा पसरून बसला होता. ताइनानमधल्या आपल्या घरापासून ताइपेपर्यंत त्याने पट्टी ठेवून रेघ ओढली होती. कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्या मंडळात अंतरं काढायचं काम त्याचंच.

"बस वळणं घेत जाते, सव्वातीनशे किलोमीटर. पाखराला कुठली वळणं? सरळ दोनशे पासष्ट. सहाला सोडलं की दहापर्यंत इथे. जन्मभर माझ्या कबुतरांना नाकं मुरडलीस, आज बरा हिशेब विचारतेयस!"

यू-चू हसली नाही. "बरोबर दहाला?"

"थोडं मागेपुढे व्हायचंच. पाखरू आहे ते, घड्याळ नाही."

ती खाली गेली. तिचे डोळे सुजलेले होते. रात्री पोरगी गेल्यापासून रडत असणार. त्याने विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं त्याला?

सू-फेनला ताइपेच्या कारखान्यात नोकरी लागली होती. ती रात्रीच्या बसला निघाली तेव्हा त्याने नाही नाही ते सुनावलं, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस इथपर्यंत. मग जीभ चावली. पण माफी मागणं त्याला कधी जमलंच नव्हतं. आपली लाडकी राखाडी मादी वेताच्या करंडीत घालून त्याने करंडी पोरीच्या हातात कोंबली.

"पोचलीस की सकाळी सहाला सोड हिला. माझ्यावरचा राग गेला नसेल, तर हिचं सूप करून पी."

सू-फेन करंडी घेऊन गेली.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. ताइपेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या पुलाकडे बराच वेळ रुग्णवाहिकांचे भोंगे वाजत होते, ते ऐकत तो पडून राहिला. उजाडल्यावर मागच्या दारी कुणीतरी पुरुष हलक्या आवाजात बोलत होता. "कोण गं?" त्याने विचारलं. "टोफूवाला," यू-चू म्हणाली.

घड्याळाचे दहाचे ठोके पडायला लागले आणि परसाच्या बाजूने फडफड झाली. राखाडी मादी कठड्यावर उतरली.

"आली! अगं, आली! सोडलं पोरीने! राग गेला तिचा!" कुन-शानच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

त्याने पाण्याचं भांडं पुढे केलं. मादीने ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्याने तिला हातात घेतलं. एवढा पल्ला मारून आलेलं पाखरू उपाशी, हलकं लागतं. हिच्या गळ्याखालची पिशवी दाण्यांनी टम्म भरली होती.

तो तिला तशीच छातीशी धरून जिना उतरला.

"मी म्हटलं होतं ना, तुमच्यावर राग धरायची नाही ती," यू-चू भिंतीकडे बघत म्हणाली. तिच्या पायाशी वेताची करंडी होती, एका बाजूने चेपलेली, चिखलाने माखलेली.