तिसरा प्लग

शौकत मिस्त्रीने चालू इंजिनमधल्या एका प्लगची वायर काढली. इंजिन आणखीनच थडथडलं. ती परत बसवून त्याने दुसरी काढली. पुन्हा तेच.

"हे काय चाललंय?" हेडक्लार्क डोईफोडेंनी विचारलं. गाडी धक्के देत होती म्हणून त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच रजा काढली होती. आपल्यावाचून ऑफिस अडतं, असं ते सगळ्यांना सांगत.

"चारातला एक सिलेंडर काम करत नाहीये, साहेब. एकेकाला बाजूला काढून बघायचं. ज्याच्या जाण्याने काहीच फरक पडत नाही, तोच निकामी."

डोईफोडेंनी खिशातून मोबाईल काढला. दुपारचा एक वाजून गेला होता आणि ऑफिसातून एकही फोन नव्हता. शेवटी त्यांनीच लावला.

"काही अडलं नाही साहेब," शिपाई म्हणाला. "उलट आज सगळं लवकर आटपलं."

तिसरी वायर निघाली. इंजिन होतं तसंच चालत राहिलं. मिस्त्रीने ते बंद करून काळाकुट्ट प्लग बाहेर काढला आणि फेकायला हात उचलला.

"थांब," डोईफोडे म्हणाले. "साफ करून बसवला तर?"

"फार तर दोन महिने चालेल."

"बास झाले. मलाही रिटायर व्हायला दोनच महिने आहेत."