पहिला बाक

पालावर राहणाऱ्या चांदणीकडे जन्माचा दाखला नव्हता, जातीचाही नव्हता. त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला नाही. वर्गात मागे बसू देत होते, एवढंच. कुणी हटकेल या भीतीनं ती तोंडही उघडत नसे.

तपासणी समिती आली त्या दिवशी निम्मे बाक रिकामे होते. प्राचार्यांनी चांदणीला पहिल्या बाकावर बसवून बजावलं, "नाव विचारलं तर आरोही सांग, ती आज आली नाही. चुकलीस तर उद्यापासून यायचं नाही."

समितीच्या मॅडमनी प्रश्न विचारला. एकही हात वर झाला नाही. चांदणीनं उभं राहून बरोबर उत्तर दिलं.

"शाब्बास! नाव काय तुझं?"

प्राचार्य तिच्याकडे रोखून बघत होते.

 

"चांदणी. माझं नाव हजेरीत न्हाई, मॅडम. ज्यांचं हाये, ते आलेच न्हाईत."