आजन्म विमा

शेजारच्या छपरावर विमा कंपनीचा माणूस खडूने गोल काढत होता. जिथे गार आपटली तिथे एक गोल. नोरीन अंगणातून मान वर करून ओरडली, "अहो, तिथलं झालं की इकडेही या! आमचा विमाही तुमच्याच कंपनीचा आहे."

"येतो की, बाई," तो वरूनच म्हणाला. "तेवढा पॉलिसीचा नंबर काढून ठेवा."

काल संध्याकाळी अमेरिकेतल्या तल्सा शहराच्या या टोकाला लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या. गल्लीत एक छप्पर धड राहिलं नव्हतं. तरी कुणी रडत बसलं नव्हतं. चार गारा पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकायच्या, विम्याच्या माणसाला दाखवायच्या आणि नवं छप्पर घालून घ्यायचं, ही त्या भागाची रीतच. नोरीननेही पिशवी भरून ठेवली होती. झोपायच्या खोलीचं छत भिजून फुगलं होतं, पलंगावर पातेलं ठेवायची पाळी आली होती, पण तिला घोर नव्हता. घर तिच्या बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं, त्यावर छदामाचं कर्ज नाही. आणि विम्याचं काय ते तिचा नवरा डेल बघायचा.

डेल आत कॉम्प्युटरपुढे बसला होता. कानांना हेडफोन, हात माउसवर. नवऱ्याचा हा अवतार नोरीनला नवा नव्हता. एक कंपनी लोकांकडून आधीच पैसे गोळा करून अंतराळातल्या लढायांचा कॉम्प्युटरवरचा खेळ बनवत होती. कित्येक वर्षं बनवतच होती. खेळ काही पुरा होत नव्हता, पण त्यातली अंतराळजहाजं मात्र दर दोन-तीन महिन्यांनी खऱ्या पैशांत विक्रीला निघायची. मोजकीच निघायची, आणि अशी खपायची की विचारू नका. आज एक मालवाहू जहाज निघणार होतं. तीनशेच नग.

"डेल, विम्याचा नंबर दे. माणूस शेजारी आलाय."

"थांब गं, रांगेत आहे मी."

"कसली रांग? चांगला खुर्चीत तर बसलायस!"

"अगं, आता उघडेल विक्री. उठलो तर माझी जागा गेली."

नोरीनने मग स्वतःच कपाटाचे खण उघडले. विजेची बिलं निघाली, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली. विम्याचा कागद काही हाती लागेना. पाठीमागे डेल हेडफोनवरून कुणा मित्राला समजावत होता, "नाही रे, आजच घे. नंतर जहाज मिळेलही, पण हा विमा नाही मिळणार. आजन्म विमा आहे! उल्का आदळू दे, चाचे लुटू देत, जहाज नवंकोरं परत. हप्ता नाही, कटकट नाही. डोळे झाकून घे."

नोरीनचा हात खणातच राहिला.

"डेल, आपल्या घराचा हप्ता कधी भरलास तू?"

डेलने हेडफोन सावकाश काढून ठेवले. "नोरीन, आधी ऐकून घे..."

"कधी?"

"गेल्या वर्षी राहिला. तेव्हा ते गस्तीचं जहाज निघालं होतं ना... म्हटलं, एक वर्ष नसला तर काय बिघडतंय. गारा काय दरवर्षी पडतात?"

तल्सात जन्म काढलेला माणूस हे बोलत होता! त्याच्या श्रीमुखात एक भडकावून द्यावी असं नोरीनला वाटलं.

"अगं, छपराचे पैसे यातूनच निघतील," डेल घाईघाईने म्हणाला. "तीनशेच आहेत. ज्यांना मिळणार नाही ते नंतर दुप्पट मोजतात."

"बघू तुझं जहाज."

त्याने दाखवलं. देखणं होतं, नाही कशाला म्हणा.

"चालव."

"चालत नाही अजून. सध्या नुसतं चित्र आहे. बांधायला घेणार आहेत पुढे."

"म्हणजे जे बांधलेलंच नाही त्याचा विमा आहे. आणि ज्याच्याखाली मी झोपते..." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात. इथे तुरी अजून पेरायच्या होत्या, आणि भटणीचं छप्पर मात्र खरोखरच फुटलं होतं.

कॉम्प्युटर टिंगटिंगला. विक्री उघडली. डेलने तिच्याकडे पाहिलं. आता हा उठणार, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"एकच मिनिट हं," तो म्हणाला आणि वळला.

"मिळालं!" सवयीने तो ओरडलाच. मग ओशाळला. तेवढ्यात पडद्यावर कंपनीची सूचना झळकली. ती नोरीननेच मोठ्याने वाचली, "आपल्या उदंड प्रतिसादामुळे पुढच्या शनिवारी आणखी पाचशे जहाजं." ती त्याच्याकडे वळली. "घे! आता कोण मोजतोय दुप्पट?"

डेलने सूचना पुन्हा एकदा वाचली. मग अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "पण नोरीन, त्या पाचशेंना आजन्म विमा नाहीये."

दारावर टकटक झाली. विम्याचा माणूस खांद्यावर शिडी घेऊन उभा होता. "नंबर सापडला का, बाई? चढू वर?"

"नको," नोरीन म्हणाली. "जा तुम्ही. आमचं जहाज सुखरूप आहे."

त्याने अंगणात बघितलं, मग घराच्या बाजूला जाऊन परसात डोकावला. बोट कुठेच दिसेना, तसा तो शिडी सावरत पुढच्या घराकडे निघून गेला.