पाणमांजराचं नाक

“नाकाला हात लावाल तर बोटं छाटीन!” पाथरवट गेन्पाची आजोबांची ती दरडावणी अजून माझ्या कानात आहे. शाळेच्या कोपऱ्यावर त्यांनी घडवलेलं दगडी पाणमांजर नुकतंच बसलं होतं. आम्ही कुठले ऐकायला? परीक्षा असो की दात हलत असो, त्याच्या नाकावरून हात फिरवल्याशिवाय कुणी फाटकात शिरत नसे.

आता त्याच शाळेची मी मुख्याध्यापिका. दर एप्रिलला शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की पहिलीच्या पोरांबरोबर पाणमांजरालाही नवी पिवळी टोपी मिळते. टोपीखालचं नाक मात्र पार झिजलंय. ते नव्याने कोरून द्या, म्हणून मी आजोबांना बोलावलं.

नव्वदीचे आजोबा छिन्नी घेऊन आले आणि कितीतरी वेळ अंगठ्याने नाक चाचपत राहिले.

“रागावलात ना? पहिला हात माझाच होता,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे. तेव्हा मेली कोडगी होतीस.” त्यांनी छिन्नी पिशवीत परत ठेवली. “याला आता कुणी हत्यार लावलं तर बोटं छाटीन.”

“पण आजोबा, नाक...”

“फुमी, अंग जमलं होतं, शेपूट जमलं होतं. नाक मला साधलंच नव्हतं गं. कुणाच्या लक्षात येईल म्हणून हाकलायचो तुम्हाला. ते तुम्ही पोरांनी घडवलंत.”