दुसरा थर

"गुंडेटीमामा, पुन्हा दोन थर?" सुपरवायझर मुलीने काळा पडलेला तक्ता पुढे धरला. "अणूएवढा पातळ हा पापुद्रा एकेरी असतो तोवरच उजळतो. वर दुसरा चढला की विझतो. किती वेळा सांगू?"

"हाताची सवय, बाई. दुहेरी सुताशिवाय चादर काढली नाही कधी."

आयातकर उठला तसे सोलापुरातले माग बंद पडले. आधी बाहेरच्या चादरी आल्या, मागोमाग या पापुद्र्याचा स्वस्त उजेड. दिवसभर ऊन प्यायचा आणि रात्रभर जळायचा. त्याला बटणच नव्हतं. घरमालकांनी तो न चिकटवता एक भिंत सोडली नाही.

"उद्यापासून येऊ नका, मामा," ती खालच्या आवाजात म्हणाली.

पापुद्र्याची उरलेली गुंडाळी मागून घेऊन मल्लय्या गुंडेटी घरी आला. लखलखत्या खोलीत त्याची बायको राजव्वा डोळ्यांवर पदर ओढून पडली होती. कित्येक महिने तिला धड झोप नव्हती. त्याने चारही भिंतींवर दुसरा थर चढवला. एकेक भिंत विझत गेली.

राजव्वाने पदर काढला. बराच वेळ ती अंधाराकडे बघत राहिली.

"झोपा आता. सकाळी कामाला जायचंय ना?"

"नाही," तो आडवा होत म्हणाला. "उद्या उशिरा उठू."